बंदुकीची उशी

माणसाला उशी लागते, हे मला बालपणापासून ठाऊक आहे. बंदुकीलाही ती लागते, हे मात्र वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी शिकलो असे म्हटले, तर ते पुरते खरे होणार नाही. एके काळी मला ते ठाऊक होते आणि मधल्या साठ वर्षांत मी ते विसरून गेलो होतो. विसरलो नसतो तर माझ्या नातीवर माझ्या हातून जो अन्याय झाला तो टळला असता. ती हकीकत सांगावयाची म्हणजे मला आमच्या घरापासून आणि आमच्या वस्तीपासून आरंभ करावयास हवा.

आम्ही जामबागेत राहतो. हैदराबादेत पेरूला जाम म्हणतात; तेव्हा नावावर विसंबून कोणी इथे पेरूची बाग शोधू लागला तर त्याची निराशा व्हावयाची. झाडे इथे पुष्कळ आहेत, पण ती उभी नाहीत. खुर्च्या, टेबले, पलंग आणि कोच ह्यांच्या रूपाने ती रस्त्याच्या कडेने मांडलेली आहेत. एके काळी इथे फुलांचाही मोठा बाजार भरे, आणि झेंडूच्या टोपल्यांतून वाट काढीत मी शाळेला शिकवावयास जात असे. तो बाजार पुढे गुडीमलकापूरला गेला. रंध्याचा आवाज, पॉलिशचा वास आणि कोचावर कापड ठोकणाऱ्यांच्या तोंडात धरलेल्या चुका मात्र राहिल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी इथल्या मराठी मंडळींनी उभारलेली विवेकवर्धिनी ह्याच वस्तीत आहे, आणि तिच्यामुळे कितीतरी मराठी कुटुंबे ह्या परिसरात रुजली. आम्ही बाजारात दखनी बोलतो, घरात मराठी बोलतो, आणि माझी पत्नी काणकोणची असल्यामुळे स्वयंपाकघरात तिसऱ्याच भाषेचे राज्य आहे.

माझ्या मुलीची मुलगी शिक्षणासाठी आमच्याकडे असते. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकात स्वप्नील कुसाळे ह्याने पन्नास मीटर रायफलच्या तीन पवित्र्यांच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळविले, तो सामना आम्ही तिघांनी दूरदर्शनच्या पडद्यावर पाहिला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा हा मुलगा, त्याचे ४५१.४ गुण पडद्यावर उमटले तेव्हा नात कोचावरून उठून उभी राहिली होती. कोल्हापूरचे एक बरे आहे, तिथे आधीच एक घर झालेले असते. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेती झाली, ती त्याच गावची. पण हैदराबादही काही रिकामे नाही. २०१२ साली लंडनला कांस्यपदक मिळविणारा गगन नारंग ह्याच शहरात वाढला. हे मीच तिला सांगितले. आजोबांनी असल्या गोष्टी सांगाव्यात आणि मग नातवंडांनी बंदूक मागितली तर दचकावे, हे योग्य नव्हे. म्हणून ओळखीच्या एका गृहस्थाकडून मी एक जुनी हवाई बंदूक विकत घेतली. छर्रा साडेचार मिलिमीटरचा आणि जोर ठरावीक मर्यादेच्या आत, तेव्हा परवान्याची यातायात नव्हती.

आमच्या घराच्या मागच्या अंगाला एक बोळ आहे. तो आमच्याच मालकीचा असून दोन्ही बाजूंस उंच भिंती आहेत आणि शेवटीही भिंतच आहे. पडवीच्या कडेपासून मोजले तर तेहतीस फूट, म्हणजे सुमारे दहा मीटर भरतात. शेवटच्या भिंतीला एक खोके टेकवून त्यात जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे भरले, मागे लोखंडी पत्रा लावला, बोळाचे दार आतून बंद करावयाचे असा नियम केला आणि नातीच्या डोळ्यांवर चष्मा चढविला. छापील लक्ष्ये तिने स्वतःच आणली. हे लक्ष्य किती लहान असते ह्याची वाचकांपैकी पुष्कळांना कल्पना नसेल. सर्वांत बाहेरचे वर्तुळ साडेपंचेचाळीस मिलिमीटर व्यासाचे, आणि दहा गुणांचे जे मध्यस्थान, तो केवळ अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. पूर्णविराम म्हणा ना. बंदुकीच्या पुढची माशी आणि मागची खाच ह्यांत अर्ध्या मीटरचे अंतर धरले आणि माशी एका मिलिमीटरने हलली, तर दहा मीटरांवर छर्रा वीस मिलिमीटर दूर जाऊन पडतो. एकास वीस, असा हा व्याजाचा दर आहे. सावकारसुद्धा लाजेल.

नातीचे छर्रे पडत ते ह्या हिशेबाच्याही पलीकडे. एक डावीकडे वर, पुढचा उजवीकडे खाली, तिसरा लक्ष्य सोडून खोक्याच्या चौकटीत. दोन आठवडे हेच चालले होते. मी मागे वेताच्या खुर्चीत बसून पाहत असे. आणि पस्तीस वर्षे भूमिती शिकविलेल्या माणसाला मागे बसले की गप्प राहता येत नाही.

मी म्हणे, "हात हलतो आहे तुझा."

ती म्हणे, "नाही आजोबा."

"श्वास धरला नाहीस."

"धरला होता."

एके संध्याकाळी मी वैतागून म्हणालो, "तुझ्यात शिस्त नाही, दुसरे काही नाही. लक्ष एका जागी ठरत नाही, तिथे हात कसा ठरेल?"

ती काही बोलली नाही. तिने बंदूक पुसली, पडवीच्या कोपऱ्यात उभी केली, छर्ऱ्यांची डबी माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि वर निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती बोळात आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. जेवताना मी विषय काढला तेव्हा ती म्हणाली, "मला नाही जमणार ते. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे." एवढे बोलून तिने आमटी वाढून घेतली. वाद घालणाऱ्या मुलाचे मला कधी भय वाटले नाही. पटल्यासारखे दाखवून उठून जाणाऱ्या मुलाचे वाटते.

रात्री पत्नीने एकच प्रश्न विचारला. ती रागावली म्हणजे मराठी सोडते. म्हणाली, "तुमी मारून पळयलां?"

मी ती बंदूक चालवून पाहिली नव्हती. पाहून उपयोगही नव्हता, कारण गेली सहा वर्षे माझ्या हातांना कंप आहे. चहाचा पेला मला दोन्ही हातांनी धरावा लागतो. माझा छर्रा कुठेही गेला असता तरी त्यावरून बंदूक खोटी ठरली नसती, नि नातही खरी ठरली नसती. दोष हाताचा की हत्याराचा, हे ठरवावयाचे तर हाताला त्या व्यवहारातून वजाच करावयास हवे. आणि असे वजा करण्याची युक्ती मी विद्यार्थिदशेत स्वतः पाहिली होती, हे मला त्या रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या आठवले.

१९६२ च्या चीनयुद्धानंतर, १९६३ पासून काही वर्षे महाविद्यालयांत एन. सी. सी. सक्तीची होती. त्या सक्तीत मीही सापडलो. गोळीबाराच्या दिवशी आम्हांला पालथे निजवीत आणि पॉइंट टू टू रायफलीखाली वाळूने भरलेली एक किरमिजी पिशवी सरकवीत. हवालदार ओरडे, "शिस्त लो!" माझ्या शेजारचा मुलगा हळूच म्हणे, निजल्यावर आणखी कसली शिस्त घ्यावयाची? पुढे शब्दकोश चाळताना समजले की हवालदाराचे काही चुकत नव्हते. फारसीतून आलेल्या ह्या शब्दाचा जुन्या मराठीतही नेम असाच अर्थ होता. शिस्त धरणे म्हणजे नेम धरणे. आम्ही शिक्षकांनी तो बंदुकीवरून उतरवून मुलांच्या मानेवर ठेवला. ती वाळूची पिशवी मला आठवली, आणि तिच्यावर डोके टेकल्यासारखी माझी रायफल कशी निवांत पडून राहत असे, तेही आठवले.

बंदूक टेकविण्यात काही कमीपणा आहे असे समजण्याचे कारण नाही. तोडेदार बंदुका इतक्या लांब आणि जड असत की पुष्कळांना दुबेळक्याचा आधार घ्यावा लागे. जुन्या चित्रांतून अशा दोन पायांच्या काठ्या बंदुकीला जोडलेल्या दिसतात. आपल्या गडांच्या तटांत ज्या जंग्या ठेवलेल्या असतात त्या शत्रूपासून आडोसा देतात तशी बंदुकीच्या नळीखाली एक स्थिर कडही देतात. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर टेबलावर बंदूक टेकवून मारण्याचा एक स्वतंत्र खेळच रुजला; त्यात एकाच भोकातून पुन्हा पुन्हा गोळी कशी जाईल एवढीच चुरस असते. फार काय, ज्या स्पर्धेत कुसाळेने पदक मिळविले तिच्यातील गुडघ्यावर बसून मारण्याच्या पवित्र्यात घोट्याखाली एक गोल उशी घेण्यास नियमांची संमती आहे. लांबी पंचवीस सेंटिमीटरांपेक्षा अधिक नको आणि व्यास अठरांपेक्षा अधिक नको, इतकेच. जगातील उत्तमोत्तम नेमबाजांच्या पायाखाली एक उशी असते, हे वाचून मला त्या दिवसांत फार धीर आला.

दुसऱ्या दिवसापासून मी उशी करावयास बसलो. नातीला काही सांगितले नाही. तिची गुडघ्यावर फाटलेली एक जीनची विजार तेवढी मागून घेतली. कशासाठी, हेही तिने विचारले नाही.

प्रथम मी आळशीपणा केला. जामबागेत लाकडाचा भुसा फुकट मिळतो. सुताराच्या दुकानापुढे उभे राहिले तरी तो डोक्यात जमतो. विजारीचा एक पाय कापून, खालचे टोक शिवून, त्यात मी भुसा ठासला आणि वरचे टोक सुतळीने बांधले. दिसावयास छान दिसे. पण बंदूक तिच्यावर ठेवली की ती हळूहळू एका बाजूस कलंडे आणि चाप ओढताच उशी टेबलावरून सरके. भुशाला वजन नाही. जे स्वतःच जागेवर राहत नाही ते दुसऱ्याला काय धरणार? पत्नीने तांदूळ सुचविले, पण हैदराबादच्या पावसाळ्यात तांदळाला किडे लागतात आणि मग बंदुकीखालून त्यांची मिरवणूक निघेल, हे तिला पटले.

अखेर वाळूवरच आलो. आता वाळू म्हणजे तरी सोपी गोष्ट आहे काय? बांधकामाच्या ढिगावर हल्ली बहुधा दगड दळून केलेली वाळू असते. तिचे कण धारदार असतात आणि तिच्यात भुकटी फार. कापड ती आतून कापीत राहते. नदीची वाळू गोलसर, ती एका जुन्या घराच्या दुरुस्तीवरून घमेलेभर मागून आणली. पत्नी म्हणाली, आधी सांगितले असते तर आमच्या काणकोणच्या समुद्राची आणवली असती. मी तिला समजाविले की समुद्राच्या वाळूत मीठ असते, मीठ हवेतले पाणी ओढते आणि नळीला गंज चढतो. तिला ते पटले असावे, परंतु काणकोणच्या वाळूची अशी अवहेलना तिला रुचली नाही. मग मी पीठ चाळावयाची चाळणी घेतली आणि त्यावरून जे झाले ते इथे लिहीत नाही. वाळू चाळली, गढूळपणा जाईतो सहा पाण्यांनी धुतली आणि गच्चीवर जुन्या धोतरावर पसरून तीन दिवस उन्हात वाळविली. ओली वाळू भरली तर ती पिशवीत गोळा होते आणि कापडाला बुरशी धरते. गच्चीवर आलेल्या पत्नीने ते सारे पाहिले आणि विचारले, "हें कितें?" मी सांगितले. ती म्हणाली, "रेंवेचें उशें!" आणि हसली. तेव्हापासून त्या वस्तूचे तेच नाव पडले.

शिवण हा माझा प्रांत नव्हे. कंपित हातांनी सुईत दोरा घालणे ही एक शोकान्तिका आहे. म्हणून मी कोपऱ्यावरच्या कोच बनविणाऱ्या चाचांकडे गेलो. चाळीस वर्षांची ओळख. आमच्या घरातल्या खुर्च्यांच्या गाद्या त्यांनीच दोनदा बदलल्या आहेत. माझी कल्पना ऐकून त्यांनी तोंडातल्या चुका हातात काढून घेतल्या.

"बंदूक कू तकिया होना? पहले लोगां बंदूक चलाते थे, अब सुलाते क्या साब?"

पण कारागीर थट्टा करतो ती विचार करावयास वेळ मिळावा म्हणून. थोड्याच वेळात त्यांनी माझ्या दोन चुका काढल्या. एक, जीनच्या शिवणीतून बारीक वाळू गळणारच. तेव्हा आत घट्ट विणीच्या कापडाची वेगळी पिशवी हवी आणि तिला दुहेरी टीप हवी. दुसरी, वरून रेक्झिन लावू नये. उन्हाळ्यात ते चिकट होते आणि लाकूड धरून ठेवते. एका मोडक्या कोचाच्या पाठीचे खरे कातडे त्यांच्याकडे पडून होते. त्याची खरखरीत बाजू वर ठेवून त्यांनी पुढची उशी शिवली. लांबी वीतभर, मध्ये बंदुकीच्या लाकडासाठी उथळ खोलगा. दस्त्याखालची मागची उशी त्याहून लहान, आणि तिला सशासारखे दोन कान. कानांच्या मधल्या घळीत दस्ता बसतो. तोंडे उघडी ठेवून त्यांनी त्या मला दिल्या आणि निघताना बजावले, "इत्ता दबा के नक्को भरो साब. तकिया पत्थर हो जाता."

मी घरी येऊन, शिक्षकाला शोभेल अशा आत्मविश्वासाने, त्या अगदी दाबून भरल्या. पुढच्या उशीत तीन किलो मावली, मागचीत दीड.

पडवीत आमचे एक जुने सागवानी टेबल आहे. त्याचा एक पाय आखूड होता, त्याखाली पुठ्ठा सारला. टेबल डुगडुगत असेल तर वाळूचा काही इलाज चालत नाही. नात शाळेत गेली असताना मी दुपारी बोळाचे दार लावून घेतले आणि साठ वर्षांनी बंदुकीला गाल लावला.

काय आश्चर्य सांगू! माशी हलत नव्हती. हात कापत होते, मला ते दिसत होते, पण कंप वाळूत जाऊन मुरत होता. छातीचे ठोके तेवढे माशीला किंचित ढकलीत. मागच्या उशीचे कान मुठीत दाबले की दस्ता केसभर वर येई आणि नळीचे तोंड केसभर खाली जाई. हात न हलविता नेम हलविता येत होता. मी पाच छर्रे मारले आणि लक्ष्य आणावयास गेलो.

पाच छर्रे पाच दिशांना. नातीच्या लक्ष्याशेजारी माझे लक्ष्य धरले असते, तर कोणते कोणाचे हे तिला ओळखता आले नसते.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. ऑलिंपिकातल्या बंदुकीत दाबलेली हवा साठवून ठेवलेली असते. ती शांतपणे छर्रा सोडते. आमच्यासारख्या स्वस्त बंदुकीत एक दणकट स्प्रिंग असते. नळी मोडून ती ताणावयाची. चाप ओढला की दट्ट्या पुढे धावतो, त्यामुळे बंदूक मागे उसळते. आणि दट्ट्या टोकाला आदळला की ती पुढे हिसका खाते. हे दोन्ही धक्के छर्रा नळीतून बाहेर पडण्याच्या आत होऊन जातात. अशी बंदूक कठीण वस्तूवर टेकविली तर दर वेळी ती निराळी उडी मारते. मी उशी नव्हे, दगड भरला होता. चाचांनी सांगितले होतेच! मी दोन्ही उशांतून ओंजळ ओंजळ वाळू काढली, इतकी की बोटाने दाबले तर खळगा राहावा. वरच्या कातड्यावर कॅरमची पावडर चोळली. आणि बंदूक उशीवर न ठेवता, उशीवर डावा तळहात उताणा ठेवून त्या तळहातावर ती नुसती विसावू दिली. मुठीत धरली नाही. तिला जशी उडी मारावयाची तशी ती मारू दे, मात्र दर वेळी तीच मारू दे.

आता छर्ऱ्यांचे दोन थवे झाले. तीन एका जागी, अगदी लगट करून. दोन त्यांच्यापासून दोन बोटे वर, तेही एकमेकांजवळ. पुन्हा पाच मारले, तर पुन्हा तसेच. एक माणूस चुकतो तेव्हा तो असा नीटनेटका दोन ठिकाणी चुकत नाही. बंदूक उलटी करून पाहिली. लाकूड आणि लोखंड ह्यांना जोडणारा पुढचा एक स्क्रू नखाने फिरेल इतका सैल होता, आणि दुसराही फारसा बरा नव्हता. स्प्रिंगच्या बंदुकीत त्या धक्क्यांनी हे स्क्रू ढिले होतात, ही सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट आहे; मला ठाऊक नव्हती. दर छर्ऱ्यागणिक लोखंड लाकडात कुठेतरी नव्या जागी बसत होते. मी पेचकस आणला. पहिल्याला दीड फेरा, दुसऱ्याला पाऊण.

त्यानंतरचे पाच छर्रे एक रुपयाच्या नाण्याखाली झाकले गेले.

आनंद व्हावयास हवा होता. क्षणभर झालाही; कंप पावणाऱ्या हातांनी हे केले ह्याचा अभिमानही वाटला. मग मी ते लक्ष्य हातात घेऊन पडवीत बसलो आणि मला आमच्या शाळेतला एक मुलगा आठवला. त्याच्या वर्तुळाची दोन टोके कधी जुळत नसत. मी त्याला फळ्यापाशी बोलावून सर्व वर्गासमक्ष विचारले होते की, आरंभ केला तिथे परत येणे इतके का अवघड आहे? वर्ग हसला होता. पट्टीही मारली होती, हे लपविण्यात अर्थ नाही. त्याचा कंपास मी हातात घेऊन कधी पाहिला नाही. दोन पाय जोडणारा खिळा सैल असेल तर वर्तुळ जुळणार कसे? तो सैल होता की नव्हता, हे आता कोण सांगणार? तो मुलगा आज पन्नाशीचा असेल. असे आणखी कितीजण असतील, तो हिशेब मी त्या दुपारी करू लागलो आणि तो मला पुरा करवेना.

संध्याकाळी नात आली. मी तिला टेबलाशी बसविले, काही न सांगता बंदूक तिच्या हाती दिली आणि तळहात कसा ठेवावयाचा ते दाखविले. तिने निमूटपणे पाच छर्रे मारले. स्वतःच जाऊन लक्ष्य आणले. तिचे पाचही नाण्याखाली गेले. नाणे माझ्यासाठी काढले होते त्याहून तिला थोडे लहान चालले असते.

मग मी तिला स्क्रू दाखविले. किती सैल होते ते सांगितले. आणि म्हणालो, "दोष बंदुकीचा होता. तपासल्यावाचून मी तो तुझ्यावर ठेवला. माझे चुकले."

आमच्या पिढीत आजोबांनी असे म्हणण्याची रीत नव्हती. वाक्य लहान होते, पण ते उच्चारताना उशीवाचून मारल्यासारखे झाले. नात बराच वेळ लक्ष्याकडेच पाहत राहिली. नंतर तिने विचारले, "म्हणजे ते दोन आठवडे माझा हात हलत नव्हता?"

"ते मला माहीत नाही," मी म्हणालो. "तुला किंवा मला, कोणालाच ते कळण्याचा मार्ग नव्हता."

हे उत्तर तिला आवडले असावे. तिने लगेच बंदूक उचलली आणि उशी बाजूला सारून उभी राहिली. दहा मीटरांची स्पर्धा उभ्यानेच असते. तिथे कोणताही टेकू चालत नाही. उभ्याने मारलेले तिचे छर्रे पुन्हा पसरले, पण पूर्वीसारखे नव्हे. सात, आठ, पाच, एकदा नऊ. पाचाच्या भोकावर बोट ठेवून ती म्हणाली, "आजोबा, हा माझा आहे. मी चाप झटक्याने ओढला." इतक्या समाधानाने स्वतःची चूक दाखविणारा विद्यार्थी मला नोकरीत भेटला नव्हता.

आता ती रोज उभ्यानेच सराव करते. महिन्यातून एकदा टेबलाशी बसून बंदूक तपासते, स्क्रू स्वतः कसते, आणि छर्रे शिशाचे असल्यामुळे आजीने सांगण्यापूर्वी हात धुते. मला मागच्या वेताच्या खुर्चीत बसावयास परवानगी आहे; बोलावयाची मात्र नाही. मोठी उशी तिला क्वचितच लागते, म्हणून ती मी माझ्या लिहिण्याच्या टेबलावर आणून ठेविली आहे. मनगट तिच्यावर टेकले म्हणजे अक्षर वाचता येण्याजोगे उमटते. हा लेख असाच लिहिला. एका कोपऱ्याची टीप जरा उसवली आहे आणि कागदावर मधूनमधून दोन-चार कण सांडतात. उद्या दुकान उघडताच ती चाचांकडे न्यावयास हवी.